आळेफाट्याजवळचं वर्कशॉप आणि वस्तीवरचे कॅमेरे : प्रकल्प नोंदी

२ मे २०२५ : जागा पाहणी

दाजींचं फॅब्रिकेशनचं शेड. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कांदाचाळीचे सांगाडे, ग्रिल, गेट अशी कामं. शेडपुढे मोकळं अंगण, त्यात एमएस पाइप आणि अँगलचा साठा. रस्त्याकडे पाच मीटरचं दुहेरी गेट, गेटपासून शेडची भिंत १६ मीटर. मागच्या बाजूला भंगाराचा ढीग आणि एक खिडकी, तिचे गज हातानं हलतात. शेडपासून वस्ती १४० मीटर, मध्ये बैलगाडीची वाट. वस्तीवर घर, गोठा, शेळ्या. विहीर आणखी पलीकडे उसाच्या कडेला.

दाजींनी एका दुकानातून कोटेशन आणून ठेवलंय. आठ कॅमेरे, सगळे ‘पाच मेगापिक्सेल’, सगळे २.८ मिमी लेन्सचे. लेन्सचा उल्लेख अगदी तळाला, बारीक अक्षरात. खरं तर तोच आकडा सगळ्यात वर हवा.

“मेव्हणं, एवढंच बघा की चोर दिसला पाहिजे.”

“दिसला पाहिजे की ओळखता आला पाहिजे?”

दाजी थांबले. म्हणाले, “दोन्ही वेगळं असतं व्हय?”

असतं. आणि खरेदी तिथूनच सुरू व्हायला हवी. वहीत प्रत्येक जागेपुढे एकच प्रश्न लिहिला. गेट : कोण आलं? अंगण : काय हललं? शेडच्या आत : हत्यारांच्या रॅकला कुणी हात लावला? मागची बाजू : कुणी आहे का? गोठा : काय आहे, माणूस, कुत्रं की बिबट्या? विहिरीपुढे अजून प्रश्नचिन्हच ठेवलंय.

४ मे : टेप आणि खडूची चाचणी

‘किती मेगापिक्सेल’ हा प्रश्न अर्धाच. आयईसी ६२६७६-४ या सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकात हिशोब मीटरला किती पिक्सेल मिळतात त्यावर मांडलाय. काहीतरी आहे एवढं कळायला मीटरला २५, काय चाललंय ते कळायला साधारण ६२, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०.

आता गेटचा हिशोब. लेन्सचे मिमी जितके कमी, तितकी चौकट रुंद. शेडच्या भिंतीवर २.८ मिमी लावला तर १६ मीटरवर चौकटीत सुमारे ४० मीटर रुंदी मावते. दोन मेगापिक्सेलचे आडवे १९२० पिक्सेल त्या ४० मीटरवर पसरले की मीटरला पन्नासही पडत नाहीत. आठ मेगापिक्सेल घेतला, म्हणजे आडवे ३८४० पिक्सेल, तरी मीटरला ९६. म्हणजे महागडा कॅमेरा घेऊनही गेटवरचा माणूस ओळखू येणार नाही. त्याच भिंतीवर दोन मेगापिक्सेललाच १२ मिमी लेन्स लावली तर चौकट साडेसात मीटरची होते आणि मीटरला अडीचशे पिक्सेल मिळतात. गेट पाच मीटरचंच आहे. बाकीचं आभाळ आणि रस्त्यापलीकडची बाभळ दाखवून करायचंय काय?

कागदावर पटलं तरी दाजींना डोळ्यांनी दाखवणं भाग होतं. मित्राकडून २.८ ते १२ मिमीचा व्हेरिफोकल, म्हणजे लेन्स कमी-जास्त करता येणारा, कॅमेरा आणला. गेटपाशी खडूनं रेघ मारून वेल्डिंगवाल्या पोराला तिथं उभं केलं, डोक्यावर टोपी, हातात सिमेंटच्या गोणीचा तुकडा, त्यावरची अक्षरं आमच्याकडे. लेन्स २.८ वर असताना मोबाइलवर झूम करून पाहिलं तर तोंडाच्या जागी सहा-सात चौकोनी ठिपके आणि गोणी नुसती पांढरी. १२ वर नेल्यावर गोणीवरचं कंपनीचं नाव वाचता आलं, पोराच्या भुवईवरचा जुना व्रणही दिसला. दाजींनी कोटेशन घडी घालून खिशात टाकलं.

उंचीचंही तेव्हाच ठरलं. कॅमेरा वर टांगला की हाताला लागत नाही म्हणून लोक पंधरा फुटांवर लावतात आणि मग रेकॉर्डिंगमध्ये नुसत्या टोप्या जमा होतात. ओळख पटवायची तिथं अडीच ते तीन मीटर, त्याहून वर नाही. अंगणावर नजर ठेवणारा वर गेला तर चालेल.

५ मे : रात्री

तोच कॅमेरा, तीच जागा, अंधार पडल्यावर.

इन्फ्रारेड चालू झाला की चित्र काळं-पांढरं होतं. उभा माणूस स्वच्छ दिसतो, चालता माणूस पुसट होतो, कारण कमी उजेडात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. दुकानातल्या डेमोत सगळे स्थिर उभे असतात, हे लक्षात ठेवण्यासारखं. शटरचा वेळ हातानं कमी करून पक्का केला, चित्र थोडं गडद झालं, पण चालणाऱ्याचं तोंड तोंडासारखं राहिलं.

मोटरसायकलची एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटी इन्फ्रारेडमध्ये चक्क पांढरी पेटते. तिच्यावरचा थर उजेड सरळ मागे फेकण्यासाठीच असतो. शटर खूप जलद केलं की नंबर वाचता येतो, पण मग भोवतालचं सगळं काळोखात जातं. एकाच कॅमेऱ्याकडून रात्रीची नंबरप्लेट आणि माणसाचं तोंड दोन्ही मागू नये. आम्ही तोंड निवडलं. रात्री गेट बंदच असतं, येणारा खाली उतरतोच.

उजेडावर कीटक येतात, कीटकांमागे कोळी येतात आणि पंधरा दिवसांत लेन्सपुढे जाळं. इन्फ्रारेडमध्ये तो एक धागा दोरखंडाएवढा चमकतो आणि वाऱ्यानं हलला की मोबाइलवर ‘हालचाल’ची घंटी. उपाय साधा : कॅमेऱ्यातल्या एलईडीवर सगळी भिस्त न ठेवता तीन-चार मीटर बाजूला वेगळा दिवा लावायचा. गेटवर पिवळसर एलईडी लावतोय, संध्याकाळपासून चालू. त्यामुळे रात्रीही रंग दिसतो. ‘लाल शर्ट, निळी पिकअप’ एवढं सांगता आलं तरी शोधणाऱ्याचं निम्मं काम होतं.

काचेच्या घुमटाचे डोम बाद. इथली धूळ घुमटावर बसली की इन्फ्रारेडचा उजेड आतल्या आत पसरून चित्र धुरकट होतं. बाहेर नळकांड्यासारखे बुलेट, आत घुमटाशिवायचे गोल टरेट.

९ मे : वायर की वायरलेस

दाजींच्या भाच्याचं मत : वायफायचे घ्या, खोदाईची कटकट नाही. पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय काय दिवे लावतो ते त्याला मोबाइल घेऊन आत फिरवून दाखवलं. शिवाय वायफाय कॅमेऱ्यालाही वीज लागतेच, म्हणजे एक वायर न्यायचीच आहे. मग तिच्यातूनच डेटाही का नको?

पीओई पक्कं. एकाच कॅट-सिक्समधून वीज आणि चित्र. मर्यादा १०० मीटर. वर्कशॉपचे चारही कॅमेरे ४० मीटरच्या आत बसतात. प्रश्न उरला वर्कशॉप ते वस्ती या १४० मीटरचा, कारण रेकॉर्डर वर्कशॉपमध्ये ठेवायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरलंय. कुलूप तोडून आत आलेला माणूस ग्रायंडरबरोबर डीव्हीआरही उचलतो. रेकॉर्डिंगसकट.

तिथं फायबर. लांबीचा प्रश्न तर सुटतोच, पण खरं कारण आभाळातली वीज. वळवाच्या पावसात दूर कुठं वीज पडली तरी जमिनीतल्या नाहीतर खांबावरच्या लांब तांब्याच्या वायरीत झटका उमटतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. फायबरची काच वीज वाहत नाही. फक्त घेताना बघायचं : इंटरनेटवाले वापरतात त्या ड्रॉप केबलमध्ये आधाराला बऱ्याचदा पोलादी तार असते. ती आली की काचेचा फायदा गेला. एफआरपीची, म्हणजे फायबर-प्लास्टिकची, काडी असलेली मागितली. दुकानदार म्हणाला, “सगळी सारखीच.” टोक सोलून लोहचुंबक लावून पाहिलं आणि दुसरं बंडल काढायला लावलं.

कॅट-सिक्सचंही तसंच. ब्लेडनं तार खरवडली, आतून पांढरी निघाली. म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या जवळपास दीडपट, शिवाय कनेक्टरमध्ये ती तुटते. दिवसा सगळं नीट चालतं. रात्री एलईडी पेटून कॅमेरा जास्त वीज मागू लागला की चित्र जातं, परत येतं, परत जातं. मग माणूस कॅमेऱ्यालाच शिव्या देतो.

जाता जाता : खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण इथून फार लांब नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आकाशातले अत्यंत क्षीण रेडिओ संदेश ऐकत बसलेल्या असतात आणि आपण स्वस्त अडॅप्टर लावून शिवारभर रेडिओचा कचरा करायचा, हे काही बरं नाही. वायर घालायला हे आणखी एक कारण. दाजींना हे कारण फारसं पटलं नाही.

१३ मे : विजेचा हिशोब

वर्कशॉप गावठाण फीडरवर, वस्ती शेतीच्या. तिकडे थ्री फेज पाळीनं, एरवी सिंगल फेज, तीही वारा सुटला की गेली. चोराला हे आपल्याहून चांगलं ठाऊक असतं.

घरी १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर आधीच आहे. रेकॉर्डर, डिस्क, राउटर आणि घराकडचे कॅमेरे मिळून ३५ वॅटच्या आसपास. पंखे-दिवे धरूनही रात्र निघते.

वर्कशॉपकडे चार कॅमेरे, पीओई स्विच आणि मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची वायर फायबरला जोडणारा डबा) मिळून ३० वॅट. छोटा इन्व्हर्टर स्वतःच दहा-बारा वॅट खातो, हे कुणी धरत नाही. १२ व्होल्ट ४२ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ५०० वॅट-अवर, लेड-अॅसिडची निम्मीच वापरायची म्हणजे २५०. भागिले ३० अधिक १२, म्हणजे ४२ वॅट. सहा तास. पुरेत. वेल्डिंग मशीन ज्या फेजवर आहे ती सोडून दुसऱ्या फेजवरून घेतलं, नाहीतर दर टाक्याला व्होल्टेज डुचमळतं.

१७ मे : खरेदी

सहा कॅमेरे. गेटला व्हेरिफोकल. अंगण आणि शेडच्या आत २.८. मागच्या बाजूला ६ मिमी, कारण तिथं अरुंद लांब बोळ आहे. घराच्या अंगणाला आणि गोठ्याला ४ मिमी. सगळे चार मेगापिक्सेलचे, आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे. आठ मेगापिक्सेल एकही नाही, अंधारात लहान लहान पिक्सेलवर उजेड आणखी कमी पडतो.

दुकानदार जुना स्टॉक निम्म्या भावात द्यायला निघाला होता. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी केंद्र सरकारच्या सुरक्षेच्या अटी लागू झाल्यात, मॉडेलची एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेच्या अटींनुसार तपासणी लागते. म्हणून बॉक्सवरचा मॉडेल नंबर यादीशी ताडून घेतला. हे कागदी सोपस्कार नाहीत. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसनं कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइट पाडल्या होत्या. ज्याच्या घरचा कॅमेरा, त्याला पत्ताही नाही. ‘अॅडमिन’ आणि एक ते सहा आकडे हा पासवर्ड आजही गावोगाव चालू आहे.

डिस्क : कॅमेऱ्याला सरासरी २ एमबीपीएस धरले, एच-२६५ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत, तर दिवसाला एकाचे साडेएकवीस जीबी, सहांचे १३०. चार टीबीत महिना निघतो. डिस्क सीसीटीव्हीसाठीचीच घेतली, कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तासांच्या लिहिण्याला टिकत नाही.

२८ मे

काम बंद. यंदा पावसानं मे महिन्यातच गाठलं, परवा तर मुंबईतही मान्सून पोचला. फायबरसाठी खणलेली चारी पाण्यानं भरली आहे. पाइप एचडीपीईचा आहे, त्याला काही होत नाही. माणसांना होतं.

११ जून : शेडच्या आतला कॅमेरा

चारी बुजली, फायबर जोडली, चित्र घरच्या टीव्हीवर आलं. ताईनं पहिल्यांदा पाहिलं ते दाजी दुपारी किती वाजता जेवायला निघतात ते.

आतल्या कॅमेऱ्याची जागा ठरवायला वेळ गेला. वेल्डिंगचा आर्क चौकटीत आला की कॅमेरा स्वतःला दिपवून घेतो, बाकी शेड काळं ठिक्कर. डब्ल्यूडीआर (लख्ख उजेड आणि अंधार एकाच चित्रात सांभाळणारी सोय) चालू करून थोडं सावरतं, पण थोडंच. म्हणून कॅमेरा वेल्डिंगच्या जागेच्या वर आणि मागे घेतला, तोंड शेडच्या शटरच्या दाराकडे आणि हत्यारांच्या रॅककडे. आता आर्क त्याच्या पाठीशी असतो. ठिणग्याही काचेवर येत नाहीत.

ग्रायंडिंगची बारीक लोखंडी पूड मात्र सगळीकडे पोचते. ती कोरड्या फडक्यानं पुसायची नाही, काच ओरखडते. आधी एअर गननं लांबून उडवायची, मग ओलं फडकं. हे काम पोराच्या शनिवारच्या साफसफाईत घातलंय.

आवाज रेकॉर्ड करणं बंद ठेवलं. कामगारांना कॅमेरे कुठं आहेत ते दाखवलं. हत्यारांवर लक्ष ठेवायचंय, गप्पांवर नाही.

१५ जून : भावकी

हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. घराच्या अंगणाचा कॅमेरा लावला त्याच संध्याकाळी दाजींचे चुलते, आप्पा, बांधावर उभे. “आमच्या न्हाणीकडं तोंड करून लावलंय ते काय?”

तोंड तिकडे नव्हतं, पण चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात न्हाणीचा दरवाजा येत होता. आप्पांना घरात नेऊन टीव्हीपुढे बसवलं आणि त्यांच्यासमोरच त्या कोपऱ्यावर प्रायव्हसी मास्कचा काळा चौकोन ओढला. तो रेकॉर्डिंगमध्येही काळाच राहतो, नंतर काढता येत नाही, हेही सांगितलं. चहा झाला. जाताना म्हणाले, “आमच्या गोठ्याचं दार दिसतंय का बघा त्यात, ते राहू द्या.”

बांधावरून आधीच दोन पिढ्यांचं दुखणं असतं. पुढच्या प्रत्येक कामात ड्रिल हातात घेण्याआधी शेजाऱ्याला चौकट दाखवायची, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

६ जुलै : विहीर

चाचणीसाठी सोलर फोर-जी कॅमेरा आठवडाभर विहिरीवर होता. हे कॅमेरे बॅटरी वाचवायला झोपून असतात. माणसाच्या अंगाची उष्णता हलली की पीआयआर सेन्सर त्यांना उठवतो. उठायला क्षण-दोन क्षण जातात. सेन्सरला आडवं चालणारा पटकन कळतो, सरळ अंगावर येणारा उशिरा. आणि मे महिन्याच्या दुपारी हवा अंगाएवढीच तापली की तो जवळजवळ आंधळा होतो. ढगाळ आठवड्यात पॅनेल बॅटरी भरू शकत नाही, हे आत्ताच दिसलं.

मिळालेल्या क्लिप : कुत्री, उसाची पाती, एकदा पाणी धरायला आलेले दाजी, तेही पाठमोरे.

तिथं कॅमेरा नको असं माझं मत. स्टार्टरपासून विहिरीपर्यंतची केबल पाइपात घालून खोल गाडायची, वर दिसतील ते तुकडे लोखंडी पाइपात, आणि पाइप काँक्रीटमध्ये. केबलचोराला पाच मिनिटांचं काम हवं असतं, तासाभराचं नको. पाइप तर घरचेच आहेत. दाजींनी तीन दिवसांत ते करूनही टाकलं.

१९ ऑगस्ट

रेकॉर्डरचं घड्याळ मोबाइलशी ताडलं. इंटरनेट बंद असलेल्या काळात ते पुढे सरकलं होतं. एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवणं, चालू केलं. राउटरवर बाहेरून आत यायला कुठलाही पोर्ट, म्हणजे इंटरनेटचं दार, उघडलेला नाही हे पुन्हा पाहिलं.

४ नोव्हेंबर : गोठा

ऊसतोड सुरू होतेय. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सगळा पट्टाच बिबट्याचा. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र याच जुन्नर तालुक्यात. फड तोडला की त्यातला बिबट्या दुसरा आडोसा शोधतो आणि वस्त्या वाटेवर येतात.

इथं कॅमेऱ्याचं काम बिबट्याला अडवणं नाहीच. त्यासाठी शेळ्यांचा बंदिस्त गोठा : दाजींनी जाळी आणि अँगलचं छप्परसुद्धा स्वतः वेल्ड केलं. कॅमेऱ्याचं काम एवढंच, की पहाटे साडेचारला धारा काढायला जाण्याआधी ताईनं दाराची कडी काढायच्या अगोदर टीव्ही लावून गोठा आणि अंगण बघायचं. रिकामं दिसलं तरी दिवा लावून, आवाज करत जायचं, कारण चौकटीबाहेरचा ऊस कॅमेऱ्याला दिसत नाही. वनखात्याचा १९२६ क्रमांक टीव्हीशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलाय.

सूचनांचं गणितही बदललं. वर्कशॉपकडे फक्त माणूस आणि वाहन ओळखून घंटी, गोठ्याकडे कुठलीही हालचाल. गोठ्याच्या घंट्या जास्त येतात. येऊ देत.

२२ नोव्हेंबर : पाइपांचा वाद

चोर अजून आलेला नाही. आला तो ट्रकवाला. चलनावर पाइप ६०, अंगणात मोजले तर ५८. ड्रायव्हर म्हणे उतरवताना तुम्हीच आत नेले. अंगणाच्या कॅमेऱ्यात ट्रक दिसत होता, पण पाइप मोजता येत नव्हते. गेटच्या व्हेरिफोकलमध्ये ट्रकचा मागचा फाळका बरोब्बर चौकटीत. दाजी आणि ड्रायव्हर दोघांनी टीव्हीपुढे बसून एकेक पाइप मोजला. ५८. ड्रायव्हरनं चलनावर तसं लिहून सही केली.

यावरून दाजींनी विचारलं की उद्या पोलीस केस झाली तर ही क्लिप चालेल का. मोबाइलवर टीव्हीचं शूटिंग काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलेली क्लिप शोधायला कामाची, कोर्टात तिचा भरवसा नाही. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्याचा जुलै २०२० चा निकाल नेमका यावरच आहे : मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं नसेल तर व्हिडिओच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमतही (फाइलवरून काढलेला आकड्या-अक्षरांचा ठसा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो) लिहावी लागते. म्हणून पद्धत ठरवली. घटना कळली की त्या वेळेची फाइल रेकॉर्डरमधूनच पेन ड्राइव्हवर घ्यायची, मूळ रेकॉर्डिंग लॉक करायचं म्हणजे महिन्यानं त्यावर दुसरं लिहिलं जात नाही, आणि फाइलची हॅश काढून वहीत तारखेसह नोंदवायची. भाच्याला शिकवलं. दोनदा करून घेतलं.

बाकी : मागच्या खिडकीचे गज अजून तसेच हलतायत. वेल्डरच्या घरची खिडकी. दाजी म्हणाले, रविवारी.